आमची बिनआवाजाची भाची

फोडणी घालण्याआधी शेजाऱ्यांची परवानगी मागणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि ती माझी सख्खी भाची आहे. पुण्यात लोक दुसऱ्याच्या फाटकात गाडी लावताना परवानगी मागत नाहीत, भिंतीत खिळा ठोकताना मागत नाहीत, आणि दुपारी कुणाची झोप मोडताना तर नाहीच नाही. ही बाई विलायतेहून विश्रांतवाडीला आमच्या घरी आली आणि त्याच आठवड्यात एका सकाळी "मामी, आज आमटी मी करते" म्हणाली. मग तिनं घरात जी धावपळ सुरू केली ती पाहून मला वाटलं, घराला रंग द्यायचं ठरलंय आणि नेहमीप्रमाणे मला कुणी सांगितलेलं नाही. दोरीवरचे कपडे, खुंटीवरचा माझा शर्ट, बायकोची शाल, सोफ्यावरच्या उश्या, सगळं तिनं कपाटात कोंबलं. कपाट भरलं तेव्हा उरलेलं बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. खोल्यांची दारं लावली, खिडक्या सताड उघडल्या, डोक्याला फडकं बांधलं आणि एवढं सगळं झाल्यावर जिन्यात जाऊन समोरच्या शेखभाभींची बेल वाजवली. आम्ही आता फोडणी करतोय, हिंग आहे, थोडा वेळ वास येईल, तुमची हरकत नाही ना, असं तिनं अगदी नम्रपणे विचारलं. शेखभाभी आमच्या समोर राहायला आल्या त्याला जमाना झाला, पण असा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हरकत एवढीच, की वाटी पाठवायला विसरू नका." संध्याकाळी बघतो तर भाभी स्वतः आमच्या दारात. सुके बोंबील भाजायला घेतलेत, आधी कळवायची पद्धत आहे असं सकाळी समजलं, म्हणून आले, म्हणाल्या. भाचीनं त्यांचे मनापासून आभार मानले. मी शर्ट शोधण्यात अर्धी सकाळ घालवली होती, त्यामुळे मला हसू यायला दुसरा दिवस उजाडला.

ही माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. ताई लग्न होऊन इंग्लंडला गेली तेव्हा आम्ही खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. भावोजींना तिकडे उत्तरेच्या बाजूला एका गिरण्यांच्या गावात नोकरी लागली, आणि ताई गेली ती गेलीच. भाची तिथेच जन्मली, तिथेच शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि पंचेचाळिशी उलटल्यावर कंपनीच्या येरवड्याकडच्या ऑफिसात वर्षभराची बदली मागून घेऊन आमच्याकडे आली. विलायतेत वाढलेली पोर म्हणजे फाडफाड बोलणार, घर दणाणून सोडणार, अशी मी मनाची तयारी केली होती. आली ती अशी बाई, जिला घरात शोधावं लागतं. दार लावेल तर कडीचा आवाज नाही, चहा ढवळेल तर चमच्याचा नाही. शिंक आली तर तोंडावर उशी धरून शिंकते. आमच्या मांजराच्या (म्हणजे ते सोसायटीचं आहे, पण दूध आमचं पितं) अंगावर तिचा दोनदा पाय पडला, कारण त्याला ती आल्याचं कळलं नाही. मराठी मात्र अस्खलित, तीही माझ्या आईच्या वळणाची. न्याहारी म्हणते, दिवेलागण म्हणते, 'अगोबाई' म्हणते. सोसायटीतली कॉलेजची पोरं तिच्याशी मोठ्या हौसेनं इंग्रजीत बोलायला जातात आणि ती त्यांना मराठीत उत्तर देते. तिऱ्हाइतानं ऐकलं तर परदेशातून नक्की कोण आलंय ते सांगता यायचं नाही.

हातानं जेवायचं असेल तर आधी पडदे ओढायचे, हा तिचा दुसरा नियम. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, समोर मोकळं मैदान, बघणार कोण? कावळे. मी तसं बोलून दाखवलं. तिनं ओशाळून पडदा सोडला खरा, पण भाताचा पहिला घास तोंडात घालताना तिचे डोळे खिडकीकडेच होते. लहानपणी समोरच्या घरातली मुलं खिडकीतून डोकावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोटं चाटून दाखवायची, असं तिनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं. मला नाही सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे पडदे ओढूनच पानं मांडली जातात, आणि ओढतो मीच. भर दुपारी दिवा लावावा लागतो, लागू दे.

तिचं नाव मी इथे सांगणार नाही, कारण चारचौघांत नाव घेतलेलं तिला सोसत नाही. चांगलं चार अक्षरी नाव आहे, माझ्या आईनं निवडलेलं. पण तिकडच्या शाळेत हजेरी घेताना बाई त्या नावापाशी आल्या की थांबायच्या, कागद जवळ धरून बघायच्या, घसा खाकरायच्या. पुढे नावाचे हाल होण्याआधी ही आपणहून हात वर करायची. होता होता तिला नावाची नव्हे, त्या थांबण्याचीच सवय लागली. पुकारणारा थांबला की आपण उठायचं. इथे आल्यावर तिची दाढ जरा दुखत होती म्हणून मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर ही गर्दी. बाहेरचा माणूस एकेक नाव पुकारत होता, मध्येच त्याला ठसका लागला, तो थांबला, आणि आमच्या बाईसाहेब उठून सरळ आत. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत दार लागलंसुद्धा. खरा नंबर होता धानोरीकडच्या एका दांडग्या गड्याचा. गाल धरून बिचारा उभा राहिला, म्हणाला, "काका, नंबर माझा हाय." त्याला हात जोडून मी आत घुसलो तेव्हा डॉक्टर त्याचा कागद बघून हिला विचारत होते, दाढ काढायची ना? आणि ही म्हणत होती, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर काढा." मी वेळेवर पोचलो म्हणून एक धडधाकट दाढ वाचली. असली माणसं जगात टिकतात कशी, हा विचार मी रिक्षात बसून घरापर्यंत केला.

पण कळस झाला तो त्या वर्षीच्या गणपतीत. आरतीला मी घंटा वाजवत होतो, बायकोच्या हातात तबक, प्रसादासाठी शेखभाभींची नातवंडं आधीच येऊन उभी. माझा आवाज गोड नाही, पण भरपूर आहे. मध्येच लक्ष गेलं तर भाचीचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही. टाळ्या वाजवतेय, पण हाताला हात लागत नाही. तळवे जवळ येतात, अंगठ्याएवढं अंतर राहिलं की परत फिरतात. मला वाटलं, घसा बसला असेल, पण घसा बसल्यावर टाळ्या कशा बसतील? आरती संपली तशी ती हळूच बायकोजवळ गेली आणि म्हणाली, "मामी, तुमच्या घंटेचा कपडा कुठे पडला वाटतं." कपडा? कसला कपडा? मग एकेक कळत गेलं. ताईकडच्या घंटेच्या लोलकाला फ्लॅनेलची पट्टी गुंडाळून बांधलेली असते. घंटा अशीच असते, असं ही पोर समजून होती. आरती कुजबुजत म्हणायची, टाळ्या हवेत वाजवायच्या, गुढी घराच्या आत जिन्याच्या कठड्याला उभारायची, हीच रीत. आणि पुण्यात आम्ही करतो तो सगळा आमचा अघळपघळपणा, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. आमचा अपमान होऊ नये म्हणून बोलली नव्हती, इतकंच.

तिकडे घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडे एक म्हातारी राहायची, ती आरती सुरू झाली की भिंतीवर झाडू आपटायची. भावोजी भाडेकरू, स्वभावानं भित्रे नव्हते पण सावध. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको, हे त्यांचं पालुपद. म्हणून घंटेला कपडा आला, फोडणीच्या वेळी कोट बाथरूममध्ये गेले. पुढे म्हातारी वारली. भावोजींनी आपलं राहतं घर विकत घेतलं. पलीकडे एक तरुण जोडपं राहायला आलं, चांगलं, नाताळात केक आणून देणारं. मग भावोजीही गेले. घंटेचा कपडा मात्र आपला तसाच.

मला हे ऐकून हसू आलं नाही, कारण मी ताईचा आवाज ऐकलेला आहे. आमच्या क्वार्टर्समध्ये दोन भोंगे होते, एक कारखान्याचा आणि एक ताई. मी मैदानाच्या पार टोकाला, रेल्वेच्या रुळांकडे खेळत असायचो. ताई पायरीवर उभी राहून "बाळ्याऽऽ" करायची, की माझ्याबरोबर दुसऱ्या लायनीतले दोन बाळ्याही आपापल्या घरी पळत सुटायचे. तिच्या हाकेवर शेजारच्या बायका भात चढवायच्या. हिला बघायला पाहुणे येतील त्यांना आधी कापसाचे बोळे द्या, असं आमचे वडील म्हणायचे आणि मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. हे मी भाचीला रंगवून सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मामा मीठमसाला लावतात, असं तिनं मामीला विचारून पक्कं करून घेतलं होतं. तिनं आईला मोठ्यानं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. मुलीला खेळातून घरी बोलवायचं झालं तर ताई दारात येऊन उभी राहायची आणि हातानं खूण करायची. मुलीचं लक्ष जाईपर्यंत तशीच उभी, थंडीत. "मला कधी कुणी हाक मारून घरी बोलावलं नाही, मामा," असं ती म्हणाली, आणि शेंगा सोलत बसली.

तिच्या इथे येण्याचं खरं कारण मला पुढे समजलं. भावोजी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ताई जिन्यात घसरली. कंबरेला मार लागला, उठता येईना. पलीकडचं जोडपं त्या दिवशी घरातच होतं, त्यांचा टीव्ही तिला भिंतीतून ऐकू येत होता. ती सकाळपासून, भाची संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडेपर्यंत, तिथेच पडून राहिली. एक हाक मारली असती तर ती दोघं धावत आली असती. नाही मारली. का गं, म्हणून लेकीनं विचारलं तर म्हणाली, त्यांची सुट्टी होती, कशाला उगाच. हाड मोडलं नव्हतं म्हणून निभावलं. हे सांगताना भाचीचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "मामा, मला अशी जागा हवी आहे जिथे आई पडली तर ओरडेल." त्यासाठी ही बदली. आधी आपण जाऊन राहून बघायचं, जमलं तर आईला घेऊन यायचं. ताई तिकडून ठाम नाही म्हणत होती. तिथे आता माझं कोण आहे, म्हणायची. मी आहे की, असं मी फोनवर म्हटलं तर म्हणाली, तू काय, तू बाळ्या.

मग माझ्या बायकोनं भाचीला आवाज काढायला शिकवण्याचा चंग बांधला. आईला ओरडायला लावायचं तर मुलीला आलं पाहिजे, असा तिचा हिशेब. रोज सकाळी गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला थांबवायचं काम भाचीकडे. ही कठड्यावर वाकून "अहो, ऐकलंत का" असं म्हणायची, ते शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू यायचं नाही. शेवटी भाजीवालाच समजुतीचा निघाला. आमच्या खाली आला की तो आपणहून वर बघायचा आणि हिचे ओठ हलले की मेथी काढून ठेवायचा. एकदा एका मोटारवाल्यानं आमच्या फाटकातच गाडी उभी केली. त्याला खडसावून येते, म्हणून ही खाली गेली आणि परत आली ती घामाघूम. काय बोललीस, विचारलं. म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, अहो." एवढंच? एवढंच. बायको म्हणाली, सुरुवात आहे.

बदली कंपनीनं आणखी थोडी वाढवून दिली आणि पुढच्या गणपतीला, नाही होय करत, ताई आली. परतीचं तिकीट काढूनच आली. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, पण नाक तेच, ठसका तोच. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं बारीक आवाजात पहिला प्रश्न विचारला, शेजारी कोण असतात? मग पिशवीतून आपली घंटा काढली, कपड्यासकट. आरतीला मायलेकी शेजारी शेजारी उभ्या, दोघींचे ओठ हलताहेत, दोघींच्या टाळ्या हवेत. ताईला जुना ताव यावा म्हणून मी मुद्दाम घसा फाडून म्हणायला लागलो. बाहेर मंडळाच्या मांडवात ढोल बडवत होते, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि ताई माझ्या कानाशी येऊन म्हणते, "हळू रे, लोक काय म्हणतील." लोक काय म्हणणार, कपाळ! लोकांना स्वतःचं ऐकू येत नव्हतं. भाचीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी तिनं मोदक एकच खाल्ला.

मला वाटलं, संपलं. आता ही माणसं आपल्या घंटेला कपडा बांधून परत जाणार, आणि पुन्हा कधी ताई पडली तर पडून राहणार. गणपती पाण्यात गेले त्यानंतरचा रविवार. मी सकाळी नारळ आणायला खाली उतरलो. इथे हे सांगायला हवं की मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि लोक मला वचकून असतात, निदान माझा तसा समज होता. पंपापाशी सात-आठ सभासद उभे होते, पाण्याच्या वेळेवरून चर्चा चालली होती. मी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या, मध्ये जाऊन उभा राहिलो आणि "हे बघा" म्हणून सुरुवात केली, तोच आभाळातून आवाज आला.

"बाळ्याऽऽ! नाडी लोंबतेय रेऽऽ!"

पंपापासून फाटकापर्यंत सगळे पुतळे झाले. रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. मी खाली पाहिलं, नाडी खरोखर गुडघ्यापर्यंत आली होती. वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ताई, काठी कठड्याला टेकवलेली आणि दोन्ही हात तोंडावर धरलेले. पुढचं मला बायकोनं सांगितलं. भाची तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली, "कोण पडलं, कोण पडलं" म्हणत. ताई कुजबुजली, कुणी नाही गं, नाडी. आणि समोरच्या शेजारणीची माफी मागायला वळली, तर शेखभाभी आपल्या गॅलरीत आधीच हजर. म्हणाल्या, "ताई, आवाज काय सणसणीत आहे हो तुमचा. आमच्या ह्यांनाही एक द्या की, तासभर झाला खाली गप्पा मारत बसलेत." ताईनं लेकीकडे पाहिलं. लेकीच्या तोंडाला फेस, बोलता येईना, तिनं नुसती मान हलवली. आणि ताईनं दिली. शेखभाई माझ्या शेजारीच उभे होते. ते गप्पा तशाच टाकून जिना चढायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सभासदांना वाटलं, अपमान जिव्हारी लागला. एकानं पाठीवर हातसुद्धा ठेवला. वरून कुणीतरी खदाखदा हसत होतं, आणि तो आवाज भाचीचा आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण तो मी त्याआधी ऐकलेलाच नव्हता.

परतीच्या तिकिटाचा विषय मग कुणी काढला नाही, ताईनंही नाही. घंटेचा कपडा बायकोनं धुवायला म्हणून काढला आणि तो काही पुन्हा सापडला नाही. ताईनं तीनदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं नाही. माझं मात्र सोसायटीत व्हायचं ते झालं. परवाच्या मीटिंगमध्ये मी जरा आवाज चढवला तर मागून कुणीतरी हळूच "नाडी" म्हणालं. भाची आहे तशीच आहे. अजून फोडणीआधी कपडे कपाटात जातात, अजून कुणी बोलता बोलता थांबलं की ही खुर्चीतून अर्धी उठते. पंचेचाळीस वर्षांचं वळण, ते काय एका नाडीनं सुटतं? कधी कधी ताई गॅलरीत बसून मंडईतल्यासारखं मोठ्यानं बोलत असते आणि मध्येच गप्प होते. तेव्हा तिला भावोजी आठवतात हे मला समजतं. ते असते तर आधी दचकले असते, आजूबाजूला पाहिलं असतं, आणि मग, मला वाटतं, खुर्ची ओढून तिच्याजवळ ऐकत बसले असते.

परवा दिवेलागणीला मी फाटकापाशी उभा होतो. भाची ऑफिसातून आली, स्कूटर लावली, आणि आम्ही दोघं जिन्याकडे वळणार एवढ्यात वरून हाक आली.

"मंदेऽऽ! ए मंदाकिनीऽऽ! पानं घेतलीत, चल जेवायला!"

म्हणजे आता नाव लपवण्यात काही अर्थ राहिला नाही, विश्रांतवाडीला ते पाठ आहे. भाचीनं हाक ऐकली हे मी पाहिलं. तिची मान अर्धी वळली होती. पण ती परत फिरली, खाली वाकली आणि चपलेचा चांगला लागलेला पट्टा सोडून पुन्हा लावायला लागली, अगदी सावकाश. मी म्हटलं, अगं, ताई बोलावतेय तुला.

"ऐकलं, मामा," ती वर न बघता म्हणाली. "थांबा जरा. अजून एकदा मारू दे."

मीही थांबलो.